लिनक्स नव्याने वापरताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांचे निवारण

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. त्या दिवसानंतर तिला सर्वसाधारण सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत. मिळते ती केवळ मर्यादित काळाची, अटींसह दिलेली मुदतवाढ. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे २०१७ च्या सुमारास किंवा त्याआधी घेतलेले असंख्य संगणक उत्तम चालू स्थितीत असूनही एकाएकी ‘जुने’ ठरले. कारापूर, साखळी, डिचोली, पेडणे येथील घरांत, झेरॉक्सच्या दुकानांत, देवस्थान समित्यांच्या कार्यालयांत आणि शिकवणी वर्गांत असे संगणक आजही आहेत. ते मोडीत काढायचे की लिनक्स बसवून आणखी काही वर्षे वापरायचे, हा प्रश्न अनेकांपुढे आहे.

गोव्याला हा मार्ग अपरिचित नाही. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या उपक्रमातून देशातील व परदेशातील गोमंतकीयांनी परदेशात वापरून झालेले संगणक येथील शाळांपर्यंत पोहोचवले आणि त्या शाळांत लिनक्सचाही वापर झाला. केरळमधील सरकारी शाळांनी तर संगणक-शिक्षणाचा पायाच मुक्त प्रणालीवर उभारला. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली.

तरीही लिनक्स बसवलेला नवा वापरकर्ता पहिल्याच महिन्यात कंटाळून मागे फिरतो, असे वारंवार घडते. याचे कारण बहुधा प्रणालीत नसते. अडचण आली की आंतरजालावर सापडलेल्या पाच-सहा आज्ञा एकामागून एक चालवल्या जातात आणि मूळच्या लहान बिघाडाचे रूपांतर मोठ्या बिघाडात होते. लिनक्स आपला दोष सहसा लपवत नाही. काय बिघडले ते पडद्यावर किंवा नोंदवहीत लिहून ठेवते. तो संदेश वाचण्याची सवय लागली, तर नवशिक्यांच्या बहुतांश अडचणी घरीच सुटतात.

पुढील मार्गदर्शन उबुंटू आणि लिनक्स मिंट या नवशिक्यांत सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रणालींना धरून आहे. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात आणि शब्दांमध्ये एक जागा सोडावी. ‘सुडो’ हा शब्द एस, यू, डी, ओ या चार अक्षरांनी लिहिला जातो. तो आधी लावला की पुढील आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालते.

उपायापूर्वीचे तीन नियम

पहिला नियम : आधी प्रत, मग दुरुस्ती. महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरील हार्ड डिस्कवर घेतल्याशिवाय कोणताही उपाय सुरू करू नये. संगणक सुरूच होत नसेल, तर ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवले त्याच पेनड्राइव्हवरून तो ‘लाइव्ह’ पद्धतीने सुरू करावा. डिस्क शाबूत आणि संकेतबद्ध नसेल, तर तिच्यातील फाइली तेथून दिसतात आणि नकलता येतात.

दुसरा नियम : एका वेळी एकच बदल. एक उपाय केला, संगणक पुन्हा सुरू केला, फरक पडला की नाही ते वहीत लिहिले, मगच दुसरा उपाय. चार बदल एकदम केल्यास कशाने गुण आला आणि कशाने बिघाड वाढला, हे कळत नाही.

तिसरा नियम : संदेश जसाच्या तसा टिपावा. ‘काहीतरी एरर आली’ या सांगण्यातून कोणालाही निदान करता येत नाही. मोबाइलने पडद्याचे छायाचित्र घ्यावे. संदेशात बहुधा तीन गोष्टी असतात : कोणता प्रोग्राम अडला, कोणती फाइल किंवा कोणते उपकरण सापडले नाही आणि कारण काय. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे अधिकार नाही, ‘नो स्पेस लेफ्ट’ म्हणजे जागा संपली, ‘नॉट फाउंड’ म्हणजे ती वस्तू तेथे नाही किंवा नाव चुकले. एवढे तीन शब्दसमूह ओळखता आले तरी अर्धे काम होते.

बसवण्यापूर्वीच तपासावे

पुष्कळ अडचणी बसवण्याआधी कळू शकतात. लाइव्ह पद्धतीत लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला हात लागत नाही. त्या अवस्थेत वाय-फाय, आवाज, वेबकॅम, ब्राइटनेसच्या कळा आणि प्रिंटर हे पाचही तपासून घ्यावेत. जे लाइव्ह पद्धतीत चालते ते बसवल्यावरही सहसा चालते.

व्यावसायिकांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन, विशिष्ट हिशेब-प्रणाली किंवा एखादे सरकारी साधन केवळ विंडोजवर चालणारे असू शकते. तसे असल्यास दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवाव्यात. विंडोजच्या ‘ईएक्सई’ फाइली लिनक्सवर थेट चालत नाहीत. ‘वाइन’ या साधनाने काही चालतात, काही चालत नाहीत. रोजीरोटीचे काम त्या भरवशावर सोडू नये.

स्मृती चार जीबी असेल तर जड आवरणापेक्षा ‘एक्सएफसीई’ हे हलके आवरण असलेली मिंटची आवृत्ती किंवा लुबुंटू निवडावी. ‘लिनक्स संथ आहे’ ही तक्रार बऱ्याचदा चुकीच्या निवडीतून येते.

संगणक सुरू होत नाही

थेट विंडोज सुरू होते, लिनक्स दिसतच नाही : विंडोजच्या एखाद्या अद्यतनानंतर हे घडते. लिनक्स पुसले गेलेले नसते, केवळ सुरू होण्याचा क्रम बदललेला असतो. संगणक चालू करताच बायोसमध्ये शिरून (कंपनीनुसार एफ२, एफ१० किंवा डिलीट कळ) बूट-क्रमात लिनक्स वर आणावे. तेथे नाव दिसत नसेल, तर मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये ‘बूट रिपेअर’ हे साधन असते, त्याचा उपयोग करावा.

पडदा काळा राहतो : हा दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या चालक-प्रोग्रामचा असतो आणि एनव्हिडियाच्या कार्डांत विशेष आढळतो. संगणक सुरू होताना एस्केप कळ (जुन्या बायोसमध्ये शिफ्ट) दाबल्यास ‘ग्रब’ची यादी येते. तिच्यातील ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचे कर्नल निवडून पाहावे. नव्या कर्नलनंतर दोष उद्भवला असेल, तर जुन्या कर्नलवर संगणक चालू होतो. प्रणाली जुने कर्नल ठेवते ते याचसाठी. तेवढ्याने भागले नाही, तर ग्रबमध्ये ‘ई’ कळ दाबून ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडावा आणि एफ१० दाबावे. हा बदल एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून निर्धोक आहे. आत गेल्यावर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ (उबुंटूत ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’) मधून शिफारस केलेला चालक बसवावा.

पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा प्रवेशद्वारच येते : याला दोन कारणे प्रमुख असतात, डिस्क पूर्ण भरणे किंवा घरच्या फोल्डरमधील एखाद्या फाइलीची मालकी बदलणे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यास केवळ अक्षरांचा पडदा उघडतो. तेथे नाव व पासवर्ड देऊन आत जाता येते आणि ‘डीएफ’, जागा, आडवी रेघ व ‘एच’ या आज्ञेने डिस्क किती भरली ते दिसते. अक्षरे टंकताना पासवर्ड दिसत नाही, तारकाही उमटत नाहीत. हा बिघाड नव्हे, तशीच रचना आहे.

वीज गेल्यानंतरचा बिघाड

पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडली की वीज जाते आणि यूपीएस नसलेला संगणक त्या क्षणी बंद पडतो. लिनक्सची ‘ईएक्सटी४’ ही फाइल-रचना केलेल्या बदलांची नोंद ठेवत असल्याने बहुतेक वेळा पुढच्या सुरुवातीला ती आपोआप सावरते. कधी मात्र ‘इनिट-रॅम-एफएस’ असे लिहिलेला काळा पडदा येतो आणि ‘रन एफएससीके मॅन्युअली’ असा संदेश दिसतो. पाहणाऱ्याला सारे संपले असे वाटते. प्रत्यक्षात प्रणाली केवळ तपासणीची परवानगी मागत असते.

संदेशातच डिस्कच्या भागाचे नाव असते, उदाहरणार्थ ‘डेव्ह’पुढे ‘एसडीए२’. ‘एफएससीके’, जागा, आडवी रेघ व ‘वाय’, जागा, आणि मग तिरप्या रेघांसह ते नाव जसे दिसते तसे लिहून एंटर दाबावे. तपासणी संपल्यावर ‘रीबूट’ लिहावे. बहुतेक संगणक यानंतर सुरळीत चालू होतात.

परंतु हाच संदेश काही दिवसांत पुन्हा आला, किंवा डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर दोष विजेचा नाही, डिस्क शेवटाला आली आहे. अशा वेळी तपासणी पुन्हा पुन्हा चालवणे धोक्याचे असते, कारण प्रत्येक फेरीत मरणासन्न डिस्कवर ताण येतो. प्रथम लाइव्ह पद्धतीने फाइली बाहेर काढाव्यात. नंतर ‘डिस्क्स’ या साधनातील ‘स्मार्ट’ अहवाल पाहावा. त्यात डिस्क सदोष दाखवली असल्यास ती बदलावी. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास जुना संगणक वेगवानही होतो.

यूपीएस हा खर्च टाळण्याजोगा वाटतो, पण मेजावरील संगणकासाठी तो आवश्यकच आहे. गडगडाटाच्या वेळी संगणकाची आणि राउटरची पिन काढून ठेवावी. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असला तरी चार्जरमार्गे येणारा विजेचा झटका त्यालाही बसतो.

वाय-फाय दिसत नाही

प्रथम साधी गोष्ट : लॅपटॉपवरील विमान-चिन्हाची कळ चुकून दाबली गेली आहे का, ते पाहावे. नसेल तर वाय-फाय चिपचा चालक प्रणालीत नाही, असे समजावे. ब्रॉडकॉम आणि रियलटेक यांच्या काही चिपांबाबत ही अडचण जुनी आहे.

चालक मिळवण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी चालक हवा, अशा पेचात नवा वापरकर्ता सापडतो. त्यातून सुटण्याचा मार्ग खिशातच असतो. अँड्रॉइड मोबाइल केबलने संगणकाला जोडावा, मोबाइलच्या हॉटस्पॉट विभागात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. संगणकाला वेगळा चालक न बसवता इंटरनेट मिळते. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून सुचवलेला चालक बसवावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

वाय-फाय जोडलेले दिसते, पण अनेक संकेतस्थळे सुरक्षिततेचा इशारा देऊन उघडत नाहीत, असे झाल्यास संगणकाचे घड्याळ तपासावे. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची ‘सीआर २०३२’ बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात. अल्प किमतीची ती बॅटरी बदलली की दोष जातो.

विंडोज शेजारी असल्यास

दोन्ही प्रणाली एकाच संगणकात ठेवणाऱ्यांना दोन अडचणी हमखास भेटतात.

पहिली घड्याळाची. लिनक्स संगणकाच्या अंतर्गत घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तेथे स्थानिक वेळ आहे असे समजते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने, लिनक्सनंतर विंडोज सुरू केल्यास घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर बॅटरीला दोष देऊ नये. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने स्थानिक वेळ ठेवण्याचा पर्याय निवडता येतो.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची. विंडोजमधील डी किंवा ई ड्राइव्ह लिनक्समध्ये उघडत नाही, किंवा उघडतो पण त्यात काही साठवता येत नाही. याचे कारण विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’. ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपली काही अवस्था डिस्कवर गोठवून ठेवते. अशा अर्धनिद्रित डिस्कवर लिनक्सने लिहिल्यास फाइली बिघडू शकतात, म्हणून लिनक्स स्वतःच हात आखडता घेते. जबरदस्तीने ड्राइव्ह उघडण्याचे उपाय आंतरजालावर मुबलक आहेत, ते टाळावेत. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या पॉवर विभागात जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे. एका वेळेपुरते हवे असल्यास शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करावे.

सॉफ्टवेअर बसत नाही

नवशिके संकेतस्थळावरून फाइल उतरवून ती बसवू पाहतात, कारण विंडोजची तीच सवय असते. लिनक्समध्ये प्रथम ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मध्ये शोध घ्यावा. तेथील प्रोग्राम तपासलेले असतात आणि प्रणालीबरोबर अद्ययावत होतात.

‘कुड नॉट गेट लॉक’ असा संदेश आला, तर दुसरे एखादे अद्यतन पार्श्वभूमीवर चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. ती ‘लॉक’ फाइल पुसून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो. चालू असलेले अद्यतन त्यामुळे अर्ध्यावर तुटू शकते.

अद्यतन चालू असतानाच वीज गेली असेल, तर ‘सुडो डीपीकेजी’, जागा, दोन आडव्या रेघांना जोडून ‘कॉन्फिगर’, जागा, एक आडवी रेघ व ‘ए’ ही आज्ञा अर्धवट राहिलेले काम पूर्ण करते. ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ आल्यास नावाची अक्षरे तपासावीत आणि ‘सुडो एपीटी अपडेट’ चालवून यादी ताजी करावी.

‘परमिशन डिनाइड’ दिसताच प्रत्येक आज्ञेपुढे सुडो लावणे किंवा साऱ्या फाइलींना सर्वाधिकार देणे, ही घातक सवय आहे. अधिकारांची ही भिंत वापरकर्त्याच्याच रक्षणासाठी असते. स्वतःच्या घरच्या फोल्डरात काम करताना सुडोची गरज जवळपास कधीच पडत नाही. ती पडू लागली, तर आधी कधीतरी सुडो अस्थानी वापरला गेला आहे, असे ओळखावे.

डिस्क भरली

जागा कशाने व्यापली हे ‘डिस्क युसेज अॅनालायझर’ हे साधन आकृतीसह दाखवते. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ प्रणालीच्या जुन्या अवस्थांच्या प्रती ठेवते. त्या अनेक झाल्यास डिस्क भरते. दोन-तीन प्रती ठेवून बाकीच्या त्याच साधनातून काढाव्यात. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा गरज संपलेली पॅकेजे आणि जुनी कर्नले काढते. कचरापेटी रिकामी करण्याचाही विसर पडू देऊ नये. टाइमशिफ्ट सर्वसाधारणपणे वापरकर्त्याची कागदपत्रे जपत नाही, ती केवळ प्रणाली जपते. कागदपत्रांची प्रत स्वतंत्रपणेच घ्यावी लागते.

मराठी लिहिणे आणि वाचणे

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तो क्वचितच येतो.

लिहिण्यासाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्ड विभागात जाऊन मराठी हा इनपुट स्रोत जोडावा. उबुंटूत सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली) कळ आणि स्पेसबार दाबल्यावर भाषा बदलते. इनस्क्रिप्ट ही सरकारमान्य मांडणी तेथे मिळते. रोमन उच्चारावरून लिहायचे असल्यास ‘आयबस’ आणि त्याची ‘एम१७एन’ ही जोड बसवून एकदा लॉग-आउट करावे. ते न केल्यामुळे ‘मराठी यादीत दिसतच नाही’ ही तक्रार उद्भवते. भाषा मराठी ठेवूनच टर्मिनल उघडल्यास आज्ञा देवनागरीत उमटतात आणि प्रणालीला त्या कळत नाहीत. पासवर्ड ‘चुकतो’ त्यामागेही पुष्कळदा हेच असते.

टंकलेखन यंत्रावर किंवा जुन्या फॉन्टवर हात बसलेल्यांना ऱ्हस्व वेलांटी अडवते. जुन्या पद्धतीत ती अक्षराआधी टंकायची. युनिकोडमध्ये उच्चारक्रम पाळला जातो, म्हणजे आधी व्यंजन, मग वेलांटी. उलट केल्यास तुटक रेषांचे वर्तुळ दिसते. इनस्क्रिप्टमध्ये ‘ळ’ शिफ्टसह एन कळीवर आहे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील अर्धा र हवा असल्यास शिफ्टसह जे, मग डी, मग पुढील व्यंजन टंकावे.

वाचताना दोन वेगळे दोष दिसतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर देवनागरी फॉन्ट नाही. ‘नोटो’ किंवा ‘लोहित’ फॉन्ट बसवावेत. चौकोन नसून इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक खिचडी दिसत असेल, तर मजकूर शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेला आहे.

हा दुसरा प्रकार डिचोली-पेडण्याच्या भागात गंभीर ठरू शकतो. जत्रेच्या नाटकांच्या संहिता, भजनी मंडळांच्या पदांचे संग्रह, देवस्थानांचे जमाखर्च, शाळांच्या स्मरणिका असे बरेच लेखन वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच फॉन्टांत झाले. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते वाचता येत नाही, म्हणून ‘फाइल बिघडली’ असे समजून ती पुसली जाण्याचा संभव असतो. फाइल बिघडलेली नसते. मूळ फॉन्टची फाइल मिळवून घरच्या फोल्डरातील फॉन्ट-विभागात ठेवल्यास मजकूर पूर्ववत दिसतो. मात्र तेवढ्यावर थांबू नये. परिवर्तक साधनाने तो युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, कारण परिवर्तनात तेथेच चुका राहतात. मूळ फाइल आणि तिची पीडीएफ दोन्ही जपाव्यात.

लिब्रेऑफिसमध्ये मराठी मजकुराचा आकार किंवा फॉन्ट बदलत नाही, अशी तक्रार असते. देवनागरीसाठी तेथे स्वतंत्र रकाना असतो. पर्यायांतील भाषा विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून मराठी निवडावे, म्हणजे ‘कॅरेक्टर’ खिडकीत तो रकाना दिसतो. रुपयाचे चिन्ह हवे असल्यास ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ ही मांडणी निवडून उजवी ऑल्ट आणि ४ दाबावे.

प्रिंटर, आवाज आणि गोठलेला पडदा

नवे, नेटवर्कवर चालणारे प्रिंटर बहुधा चालकाशिवाय ओळखले जातात. एचपीसाठी ‘एचपीलिप’ हा संच असतो. आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र वेगळा, किचकट चालक मागतो. त्यावर धंदा अवलंबून असेल तर आधी चाचणी घ्यावी. वीज गेल्यानंतर प्रिंटर चालू असूनही कागद येत नसेल, तर रांग ‘पॉज’ झालेली असते. प्रिंटरच्या खिडकीत अडकलेले काम काढून रांग पुन्हा सुरू करावी. एक-चौदाचा उतारा काढायला आलेले गिऱ्हाईक दारात असताना प्रिंटर नव्याने बसवण्यापेक्षा हे पाहणे सोपे.

आवाज येत नसेल तर ध्वनी-सेटिंग्जमध्ये ‘आउटपुट’ एचडीएमआयवर गेले आहे का, ते पाहावे. पडदा वारंवार गोठत असेल तर प्रथम ब्राउझरचे टॅब मोजावेत. चार जीबी स्मृतीत तीस टॅब मावत नाहीत. तरीही गोठत असेल तर पंख्यातील धूळ काढून घ्यावी. लाल मातीची बारीक धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांचा थर पंख्यावर आणि रॅमच्या टोकांवर बसतो आणि त्यातून उद्भवणारा बिघाड सॉफ्टवेअरचा भासतो.

मदत मागताना

घरचे उपाय थकल्यावर जाणकाराकडे जावे, पण तयारीने. प्रणालीचे नाव आणि आवृत्ती, संगणकाचे मॉडेल, संदेशाचे छायाचित्र, दोष कधीपासून आणि कशानंतर सुरू झाला, आतापर्यंत काय केले, एवढी माहिती कागदावर असावी. मिंटमधील ‘सिस्टम इन्फॉर्मेशन’ ही यादी एका कळीने नकलून देते. संगणक दुसऱ्याच्या हाती देताना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिकटवू नये. लिनक्सचा विसरलेला पासवर्ड ‘रिकव्हरी मोड’मधून बदलता येतो. मात्र डिस्क संकेतबद्ध केली असेल आणि ते परवलीचे वाक्य हरवले असेल, तर फाइली कोणालाही परत मिळवता येत नाहीत. ते वाक्य कागदावर लिहून घराच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांसोबत ठेवावे.

अनोळखी आज्ञा चालवण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ पाहावा. ‘मॅन’ हा शब्द आणि पुढे आज्ञेचे नाव लिहिल्यास तिची माहितीपुस्तिका उघडते. ‘सुडो आरएम’ने सुरू होणारी ओळ तर समजल्याशिवाय कधीच चालवू नये, कारण तिने पुसलेले कचरापेटीत जात नाही.

बिघडलेली लिनक्स प्रणाली तासाभरात नव्याने बसवता येते, तीही विनामूल्य. मुलाच्या प्रकल्पाचा अहवाल, दुकानाचा हिशेब किंवा आजोबांनी लिहून ठेवलेली नाट्यसंहिता मात्र कोणत्याही संकेतस्थळावरून पुन्हा उतरवता येत नाही. म्हणून दर महिन्याची एक तारीख ठरवून दोन प्रती घ्याव्यात, एक घरात आणि दुसरी घराबाहेर, विश्वासू नातेवाइकाकडे. ही शिस्त पाळणाऱ्याला लिनक्सवर प्रयोग करताना भिण्याचे कारण उरत नाही.